बदाम नावाचा बोकड

बावांनी बोकडाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, "दोन दाती झाला, बाय. डोळे नीट, कान नीट, चारी पाय नीट. ईदला काही अडचण नाही."

मी फणसाच्या डहाळीची पानं खुडत होते. हात थांबला.

"हा?" मी विचारलं.

"मग कोण? दोन वर्षं कशासाठी पोसला?"

बावा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी मचव्यावर तांडेल होते, खलाशांवर हुकूम सोडायचे, तरी आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी बोकडाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि नमाजेआधी हातपाय धुवायला, वजूला निघून गेले. मी तिथंच बसून राहिले. बोकड माझ्या ओंजळीतला पाला खात राहिला.

मला माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी वरच्या वाडीच्या पाष्टेबाई पदरात गुंडाळून करडू घेऊन आल्या, तेव्हाच बावा म्हणाले होते, "जगला तर कुर्बानीला होईल. मात्र नाव ठेवू नकोस." त्याची आई त्याला जन्म देतानाच मेली होती. पाष्टेबाईंच्या दुसऱ्या शेळ्या त्याला जवळ घेईनात. "वैनी, तुमच्याकडे वेळ आहे, तुम्ही पाजाल," असं त्या म्हणाल्या होत्या. लागलं ते मला, पण खरं होतं. लग्नाला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, त्यातले पाच महिने नवऱ्याबरोबर काढलेले. हे सौदीत, दम्मामला एका कंपनीत वायरमन होते. घरात मी आणि बावा. वेळच वेळ.

मी बाटलीनं दूध पाजून त्याला जगवलं. रंग सोललेल्या बदामासारखा नव्हे, सालीसकट असतो ना, तसा. चौथ्या दिवशी मी त्याला बदाम म्हणायला लागले. बावांसमोर मात्र 'तो' म्हणायचे.

आमच्या गावात तेव्हा फोन नव्हता. तिकडे जाणाऱ्या माणसाबरोबर आम्ही कॅसेटी भरून पाठवायचो आणि तिकडून सुट्टीवर येणारा त्यांच्या कॅसेटी आणायचा. टेपरेकॉर्डर यांनीच पाठवला होता. पण त्या मशीनसमोर बसलं की माझी वाचाच बसायची. "सलाम. आम्ही खुशाल आहोत. बावांची तब्येत बरी आहे. तुम्ही जेवता ना?" एवढं झालं की संपलं. उरलेली कॅसेट नुसती घरघरत राहायची.

मग एकदा मी मशीन मागच्या पडवीत नेलं. बदामला मांडीशी घेतलं, बटण दाबलं आणि त्याच्याशी बोलायला लागले. "बदाम, आज चवळीची आमटी केली. बावांनी एक वाटी घेतली. उरलेली कुणी खायची सांग. बदाम, काल मी तो निळा शर्ट धुतला. इतके दिवस धुतला नव्हता. धुतला आणि मग खूप रडले, कारण आता त्याला नुसता साबणाचा वास येतो." असं काय काय. बदाम मध्येच बें करायचा. ती कॅसेट मी पाठवली. पुढच्या कॅसेटीत हे एवढंच म्हणाले, "अशीच भरत जा."

यांची कॅसेट आली की मी तीही पडवीतच लावायची. बदाम कान टवकारून ऐकायचा. दोन वर्षं असं चाललं. त्या वर्षी बकरी ईद मे महिन्यात आली होती आणि ईदेच्या आठ दिवस आधी हे येणार होते, चाळीस दिवसांच्या रजेवर. तीन वर्षांनी.

आले ते लाँचमधून, दोन मोठ्या बॅगा घेऊन. अंगानं भरले होते आणि कानांवरचे केस थोडे पांढरे झाले होते. धक्क्यावर अर्धं गाव. मी घराच्या दारात. दाराशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. नवरीपेक्षा वाईट अवस्था. पाच महिन्यांचा संसार आणि तीन वर्षांची जुदाई, आता कुठून सुरुवात करायची ते दोघांनाही कळेना. चहा दिला तर म्हणाले, "साखर कमी घालतेस आता?" मी म्हटलं, "नाही, तेवढीच घालते." झालं बोलणं.

संध्याकाळी पाहुणे पांगले तसे हे मागच्या पडवीत गेले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. बदाम अनोळखी माणसाला शिंगं दाखवायचा, म्हणून मी पुढं होणार, इतक्यात यांनी हाक मारली, "बदाम."

बदामनं मान वर केली. दोरी ताणत यांच्याकडे गेला आणि पोटाशी डोकं घासायला लागला. आवाज ओळखीचा होता त्याच्या. हे खाली बसले आणि त्याच्या गळ्यात हात टाकून बराच वेळ तसेच राहिले. मी तिथं जायला हवं होतं. मी दारातच उभी राहिले. खरं सांगते, मला हेवा वाटला. बोकडाचा की यांचा, ते आजही सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी हे मला म्हणाले, "याला नको कापायला."

मी पीठ मळत होते. "बावांना कोण सांगणार?"

"मी सांगतो. दुसरा आणू."

माझ्या जिवात जीव आला. मी तशीच पिठाच्या हातानं यांच्या मागोमाग ओट्यावर गेले. बावा जाळ्याचा फाटका भाग विणत बसले होते. ऐकून घेतलं त्यांनी. विणायचे मात्र थांबले नाहीत.

"का रे मकबूल? तिकडे मांस खात नाहीस?"

"खातो की. पण तिथं ते खोक्यातून येतं, बर्फातलं. कुठल्या देशाचं तेही ठाऊक नसतं. तीन वर्षं खाल्लं, एकदाही मनात आलं नाही की हे कुणीतरी होतं."

"मग?"

"हा ओळखीचा आहे, बावा."

बावांनी दोऱ्याला गाठ मारली. "दुसरा आणशील तो कुणाच्या तरी ओळखीचाच असणार. तुझ्या ओळखीचा नसला म्हणून त्याला कमी दुखतं का?"

हे ओट्याच्या कडेला बसले.

"मी अडवत नाही," बावा म्हणाले. "आण दुसरा. शरीयतीत तोही चालतो. पण मला पटवायला येऊ नका की यात दया आहे. यात तुमची सोय आहे."

मला राग आला त्यांचा. वाटलं, म्हातारा माणूस, मन घट्ट झालंय. आपला बदाम वाचतोय, मग सोय तर सोय. हे त्याच दुपारी वरच्या वाडीत जाऊन पाष्टेबाईंशी बोलून आले. बाईंकडे एक बोकड होता. ईदेच्या आदल्या दिवशी सकाळी आणून देते म्हणाल्या. ते मधले दिवस मी गुणगुणत घरकाम केलं. पहिल्यांदा यांच्या ताटाशी बसून जेवले. यांनी मला तिकडच्या खोलीबद्दल सांगितलं. एका खोलीत सहा जण झोपायचे, आणि हे उशीत कान खुपसून कॅसेट ऐकायचे, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये.

"काय ऐकायचात?" मी विचारलं.

"शर्ट धुतल्याचं. पाचपन्नास वेळा."

मी मान वर केली नाही. पण ऊब वाटली.

ईदेच्या आदल्या दिवशी पाष्टेबाई आल्या तेव्हा मी अंगणात एकटीच होते. हे आणि बावा मशिदीत सफाईला गेले होते. बाईंच्या हातात दोरी होती आणि मागं काळा-पांढरा बोकड, कपाळावर पांढरा ठिपका. बाईंनी आमचा बदाम पाहिला आणि हसल्या. "अगो बाई, केवढा झाला! माझ्याच शेळीचा ना हा?" बदामनं त्यांचा हात हुंगला.

मी पाणी दिलं. बाई ओट्याच्या पायरीवर बसल्या, पाणी प्यायल्या, पण दोरी काही माझ्या हातात देईनात.

"वैनी, एक सांगते," त्या म्हणाल्या. "याला आंब्याचा पाला घालू नका, तोंड लावत नाही. फणसाचा घाला. आणि कुत्र्याला फार भितो हा. लहानपणी पाय धरला होता कुत्र्यानं. आजचा दिवस दारात कुत्रं येऊ देऊ नका म्हणजे झालं. नाहीतर ओरडत राहील."

उद्या मरणार त्याची आजची भीती त्या मला समजावून सांगत होत्या.

"नाव काय याचं?" मी विचारलं.

"नाव कशाला? 'ये रे' म्हटलं की येतो." त्यांनी त्याच्या कपाळावरचा ठिपका बोटानं पुसल्यासारखा केला, आणि मग दोरी माझ्यापुढे धरली.

मी हात पुढे केला आणि मागं घेतला. दोन बोकड, दोघंही एकमेकांना हुंगत उभे होते. एकाला मी पाजलं होतं, एकाला त्यांनी. बावांचं बोलणं चार दिवस मी कानाआड केलं होतं. त्यांनी सांगितलेलं ते 'कुणीतरी' आता पायरीवर बसलेलं दिसत होतं, नऊवारीतलं, तळव्यांना भेगा पडलेलं.

"पाष्टेबाई, नको," मी म्हटलं. "याला परत न्या."

"का हो? रोगी नाही काही. बघा दात."

"तसं नाही. आमचाच देणार आहोत आम्ही."

बाईंना कळलं की नाही कोण जाणे. दोरी मनगटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "वैनी, तुम्ही नाही घेतलात तरी याला मी ठेवू शकत नाही हो. पुढच्या बाजारात जाईलच. तुमच्याकडे दिला असता तर निदान कुठं गेला ते तरी कळलं असतं."

मी म्हटलं, "पण आमच्या बदामऐवजी नको." बाई उठल्या, "ये रे" म्हणाल्या, आणि तो त्यांच्या मागं निघाला. मी वळणापर्यंत पाहत राहिले. मग बदामपाशी जाऊन बसले आणि तेव्हा कुठं मला समजलं की मी काय केलंय.

हे परत आले. विचारलं, "बोकड आला नाही?"

"आला होता. मी परत पाठवला."

"का?"

मी सांगितलं. फणसाचा पाला, कुत्रं, सगळं. हे ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "झुलेखा, हा तर तुझा आहे." आणि आत निघून गेले.

ईदेची नमाज झाली. बावांनी सुरी विहिरीमागं नेऊन धार लावली, बदामच्या नजरेआड. मी त्याला पाणी पाजलं. आमच्यात बायका तिथं थांबत नाहीत, पण मी थांबले, आणि बावांनी जा म्हटलं नाही. कुर्बानी यांच्या नावाची, म्हणून सुरी यांच्या हातात. दोघा शेजाऱ्यांनी बदामला काब्याकडे तोंड करून कुशीवर निजवलं. तो झटापट करायला लागला. यांनी सुरी पुढे नेली, मागं घेतली, पुन्हा पुढे नेली.

बावा हळू आवाजात म्हणाले, "इकडे दे. कापणारा हात हलला की हाल त्या मुक्याचे होतात." त्यांनी सुरी घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तू त्याच्याशी बोल."

मी त्याच्या डोक्याशी बसले. कानामागं खाजवलं. "बदाम, आज शेवया केल्यात," मी म्हटलं. "बदाम, हे आलेत ना, बघितलंस ना तू? आता घर भरल्यासारखं वाटतं. मला काय बोलावं ते सुचत नाही त्यांच्याशी, पण सुचेल. तू काळजी करू नकोस." तो शांत झाला. त्याचा कान माझ्या बोटांत ऊन होता. बावांनी बिस्मिल्लाह म्हटलं. मी बोलतच राहिले. कान बोटांत पूर्ण थंड व्हायच्या आधी कुणीतरी मला उठवलं.

वळले तर हे माझ्या मागं उभे. पडवीतली प्रत्येक कॅसेट ज्यांनी ऐकली होती त्यांनी हेही ऐकलं होतं.

वाटण्या झाल्या. एक हिस्सा गोरगरिबांचा, एक नातेवाइकांचा, एक घरचा. ईदेच्या सकाळी कुर्बानीच्या कलेजीनं पहिला घास घ्यायचा अशी आमच्या घरची रीत. मी कलेजी केली. मिरी, आलं-लसूण, थोडं खोबरं. हात आपोआप चालत होते. तीन ताटल्या मांडल्या. हे ताटलीकडे बघत बसले. बावांनी आमच्या दोघांकडे पाहिलं.

"झाकून ठेव ते," बावा म्हणाले. "माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मकबूल सुखरूप यावा म्हणून मी मन्नत बोललो होतो या बोकडाची. मन्नतीची कुर्बानी घरच्यांना खायला चालत नाही. सगळंच वाटून टाका."

यांनी सुटकेचा श्वास सोडला, मला ऐकू आला. बावा मात्र भिंतीकडे बघून बोलले होते. बावा कधी भिंतीकडे बघून बोलत नसत.

"बावा," मी म्हटलं, "मन्नत असती तर तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंत."

बावांनी पुढ्यातली ताटली उगाच सरळ केली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असावेत, तेही ईदेच्या दिवशी, माझ्यासाठी. चार दिवस मी ज्यांना मन घट्ट झालेला म्हातारा म्हणत होते, ते हेच बावा.

"पाष्टेबाईंचा मी परत पाठवला," मी म्हटलं. "यालाही नुसता वाटून टाकला आणि आपण हात धुतले, तर मग मी त्याला कशासाठी दिला?" मी ताटली ओढली आणि घास घेतला.

चांगलं लागलं. हे सांगायला मला अजूनही जड जातं, पण खोटं कशाला सांगू? वाटलं होतं, घशाखाली उतरणार नाही, ओकारी येईल. तसं काही झालं नाही. फणसाच्या पाल्यावर वाढलेल्या जनावराचं मांस होतं, मऊ, थोडं गोडसर. मी डोळ्यांतून पाणी गाळत सगळी ताटली संपवली. बावांनीही बिस्मिल्लाह म्हणून आपली ओढली. हे उठून खाडीकडे निघून गेले.

आले ते दुपार कलल्यावर, असरच्या नमाजेनंतर. पायांना चिखल, डोळे लाल. चुलीपाशी पाटावर बसले.

"वाढ मला."

"खरंच?"

"तू एकटीनं का खायचं?"

मी वाढलं. त्यांनी हळूहळू खाल्लं, प्रत्येक घास मोजल्यासारखा. मग हात धुऊन म्हणाले, "आता त्याला सांगायचीस ते मला सांग."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आतून काही आलं नाही. "चहा ठेवू?" एवढंच विचारलं. ते हसले, पण वाईट वाटलेलं लपलं नाही.

उरलेले दिवस आम्ही एकमेकांशी चांगलं वागलो. फार जपून. पडवी मी धुऊन काढली आणि तिथं सुकी मासळी वाळत घातली. दुपारी तिकडे पाय वळायचा, आणि मी अर्ध्या वाटेतून परत यायचे. बोलायची सवय झालेली जीभ तोंडात जड होऊन पडली होती. जो माणूस यावा म्हणून ती दोन वर्षं चालली, तो शेजारी बसलेला, आणि ती हलत नव्हती.

चाळिसाव्या दिवशी मी धक्क्यावर गेले. बावा म्हणाले, "जा, मी घर बघतो." आमच्या बायका नवऱ्याला पोचवायला धक्क्यावर जात नाहीत, त्यामुळे लोक बघत होते. लाँचनं भोंगा दिला. यांनी बॅग उचलली आणि विचारलं, "दुसरं करडू आणशील?"

"नाही."

"मग एकटी..."

"नाही आणणार," मी म्हटलं. "तुम्ही या."

त्यांनी मान हलवली आणि फळीवरून आत गेले. दीड वर्षानं कंपनीच्या कराराचा कागद पुढं न वाढवता ते कायमचे परत आले, दापोलीत छोटं दुकान टाकलं, आज माझ्या शेजारी बसून पेपर वाचतात. पण त्या दिवशी यातलं मला काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी फक्त पाणी वाढत होतं, लाँच आणि धक्क्याच्या मध्ये, हातभर, मग दहा हात.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. मी तोवर एकदाही घेतलं नव्हतं, एकटी असतानासुद्धा नाही.

"मकबूल!" मी ओरडले.

धक्क्यावरची माणसं वळली. लाँचमधली वळली. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण गर्दीतून वाट काढत ते मागच्या कठड्यापर्यंत आले आणि दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभे राहिले. मी काही ना काही ओरडून सांगत होते. चवळीचं, शर्टाचं, पायात काटा गेल्याचं, खूप आठवण येते याचं. एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि मला थांबता येत नव्हतं.